पिप आहे, पण चालत नाही

शनिवार, रात्री

दुपारी पुतणीचा फोन आला. "काका, पिप आहे, पण काही इन्स्टॉलच करू देत नाही." पिप म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस (तयार कोड) बसवणारी आज्ञा. तिच्याकडे उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरतं पायथन आणि पॅकेजेसचं स्वतंत्र फोल्डर, केली होती. काल ते अख्खं फोल्डर डेस्कटॉपवरून डॉक्युमेंट्समध्ये हलवलं, बाकी कशाला हात लावला नव्हता.

एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट (चालू) केल्यावर टर्मिनलमधल्या प्रॉम्प्टच्या आधी कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव येत होतं. म्हणजे आपण आत आहोत, असं कुणालाही वाटेल. पण 'विच पिप' (कोणतं पिप चालेल ते सांगणारी आज्ञा) विचारल्यावर उत्तर आलं सिस्टिमच्या पिपचं. ॲक्टिव्हेटच्या फाइलमध्ये जुन्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तिथे आता काहीच नाही, म्हणून शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) पुढे सरकलं आणि सिस्टिमचं पिप गाठलं. त्याने नकार दिला. हा नकार मला मनापासून योग्य वाटतो. सिस्टिमची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात; पिपने त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून पीईपी ६६८ हा पायथनचा नियम आला आणि २०२३ पासून डेबियन १२ व उबुंटूनेही तो लागू केला. तिला कुणीतरी 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' (हा नकार डावलणारा पर्याय) लावून पुढे जायला सांगितलं होतं. असा सल्ला नवख्या मुलांना दिला की मला फार वाईट वाटतं. बिघाड दुसरीकडे असतो आणि नुकसान भलत्याच ठिकाणी होतं.

मग एन्व्हायर्नमेंटमधलं पिप थेट पत्ता देऊन चालवायला सांगितलं. 'हवी ती फाइल सापडली नाही.' ती वैतागली, "अहो काका, फाइल समोर दिसतेय की!" म्हटलं, ती एडिटरमध्ये उघड. पिपची ही फाइल म्हणजे पायथनच्या मोजक्या ओळी. पहिल्या ओळीत, हॅश आणि उद्गारचिन्हानंतर, ही फाइल कोणत्या पायथनने चालवायची त्याचा पत्ता असतो. तिथे अजून डेस्कटॉपच होता! सापडत नव्हतं ते पायथन, पिप नव्हे. हे तिने स्वतः वाचून ओळखलं, याचा मला फार आनंद झाला.

पिपच्या शेजारचं 'पायथन' हे सिस्टिमच्या पायथनकडे नेणारी लिंक असते, त्यामुळे जागा बदलली तरी ते चालतं. त्यालाच 'डॅश एम पिप' (म्हणजे याच पायथनने पिप चालव) जोडलं आणि पिप बोलू लागलं. पहिली ओळ हाताने बदलता आली असती, पण एन्व्हायर्नमेंटच्या 'बिन' फोल्डरमधल्या इतर फाइलींतही तोच जुना पत्ता. पायथनच्या दस्तऐवजातही एन्व्हायर्नमेंट हलवू नका, नव्या जागी पुन्हा तयार करा, असंच सांगितलंय. पिपच्या 'फ्रीझ' आज्ञेने पॅकेजेसची यादी काढली, जुनी एन्व्हायर्नमेंट पुसली, नवी केली आणि यादीवरून सगळं परत बसवलं.

यादीची फाइल आता तिच्या गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) आहे. एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या गोष्टींच्या यादीत) टाकलंय. उद्या ती तिच्या प्रकल्पातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरही याच यादीवरून सगळं बसवणार आहे.