पेंटॅक्सवाल्यांच्या भरवशावर

आमचं कॅमेरा दुरुस्तीचं वर्कशॉप १९९१ पासून पुण्यात, बुधवार पेठेत आहे. टेबलावर येणाऱ्या कामातलं निम्म्याहून जास्त काम पेंटॅक्स या जपानी कंपनीच्या कॅमेऱ्यांचं असतं. नव्या गिऱ्हाइकांना याचं नवल वाटतं. लग्नाची कामं करणारे बहुतेक सगळे कॅनन, निकॉन किंवा सोनीवर, आणि आमच्या भागातल्या दुकानांच्या शोकेसमध्ये नवी पेंटॅक्स बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) दिसेनाशी होऊन बरीच वर्षं झाली. तरीही आमचा गल्ला याच लोकांनी चालता ठेवला.

सुरुवात पेंटॅक्सच्या के-१००० या फिल्म कॅमेऱ्यानं झाली. हे मॉडेल १९७६ मध्ये आलं आणि १९९७ पर्यंत बनत राहिलं. जगभरात ३० लाखांहून जास्त खपलं. आमच्याकडे ते आर्ट स्कूलची मुलं आणायची, तालुक्याचे बातमीदार आणायचे, कुणाच्या मामानं दुबईहून आणलेलं असायचं. त्याला ऑन-ऑफचं बटणच नाही. लेन्सचं झाकण काढलं की प्रकाश आत जातो आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई हलते. म्हणून प्रत्येकाला सांगायचो, "काम झालं की झाकण लावा, नाहीतर सेल उतरेल." सेल उतरला तरी बंद पडतो तो फक्त मीटर, एका सेकंदापासून १/१००० पर्यंतचं शटर पूर्ण यांत्रिक, ते चालतच राहतं. दुरुस्तीला काय यायचं, तर आरशाजवळचा आणि मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम. तो जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या टूथपिकनं तो खरवडायचा, नवी पट्टी कापून बसवायची, शटरच्या पडद्याचा वेग तपासायचा. कोकणातून पावसाळ्यानंतर लेन्स यायच्या, आत बुरशीचं जाळं घेऊन.

पण माणसं या कंपनीला का धरून राहिली, हे मला कळलं ते डिजिटल आल्यावर. चिपळूणचे एक निवृत्त शिक्षक आले. हातात रुमालात गुंडाळलेली जुनी एम सीरिजची ५० मिमी १.७ लेन्स, आणि मुलीनं घेतलेली पेंटॅक्सची के-५ ही डिजिटल बॉडी.

"ही आता शोभेलाच ना हो?" त्यांनी विचारलं.

"गुरुजी, लावून बघू."

लेन्स टक्कन बसली. चालू करताच कॅमेऱ्यानं फोकल लेंग्थ विचारली, ५० भरली, म्हणजे हात हलला तरी सावरण्याची सोय जुन्या लेन्सलाही मिळाली. मेनूत जाऊन अ‍ॅपर्चर रिंगची, म्हणजे लेन्समधून किती प्रकाश जावा हे ठरवणाऱ्या कड्याची, परवानगी दिली, डायल एम (मॅन्युअल) वर नेला. रिंग ८ वर फिरवली आणि हिरवं बटण दाबलं. क्षणभर लेन्समधली पाती मिटली, शटर स्पीड आपोआप ठरला. फोकस हातानंच करायचा. गुरुजींनी समोरच्या पाटीचा फोटो काढला, स्क्रीनवर मोठा करून अक्षरं वाचली आणि म्हणाले, "म्हणजे फेकायची नाही."

त्यांची ती लेन्स चालली, कारण १९७५ मध्ये आलेला के माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडायची खोबण, पेंटॅक्सनं आजवर टिकवलाय. मिनोल्टानं १९८५ मध्ये माउंट बदलला, कॅननने १९८७ मध्ये. त्या कंपन्यांना त्याचा फायदाही झाला, नव्या माउंटमुळे त्यांचा ऑटोफोकस झपाट्यानं पुढे गेला. पेंटॅक्स तिथे मागे पडली आणि आजही मागे आहे. लग्नाचं काम करणाऱ्याला किंवा उडते पक्षी टिपणाऱ्याला मी पेंटॅक्स घे असं सांगत नाही. पण ज्याच्या कपाटात वडिलांच्या चार लेन्स आहेत, किंवा जो भर पावसात माळशेजला जाऊन कॅमेरा पिशवीबाहेर काढतो, त्याला सांगतो, कारण पेंटॅक्सच्या बऱ्याच बॉड्या पावसाचे थेंब सोसतात. हे लोक हट्टी आहेत असं बाजारात म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी आपला हिशोब नीट मांडलेला असतो.

कठीण काळ आला तो कंपनीची मालकी बदलत गेली तेव्हा. २००७ मध्ये होया या जपानी कंपनीबरोबरचा व्यवहार ठरला. होयाचा जीव मेडिकल एंडोस्कोपमध्ये, म्हणजे डॉक्टर पोटात डोकावायला वापरतात त्या नळीत; पेंटॅक्स तीही बनवायची. तो धंदा स्वतःकडे ठेवून त्यांनी २०११ मध्ये कॅमेऱ्यांचा विभाग रिको या दुसऱ्या जपानी कंपनीला विकला. त्या वर्षांत फोन यायचे ते एकाच प्रश्नाचे: "दादा, पार्ट मिळतील ना?" आसपासचे दुरुस्तीवाले मोबाइलकडे वळले होते. आम्हालाही तोच सल्ला मिळत होता.

आम्ही राहिलो ते गिऱ्हाइकांमुळे. नागपूर, बेळगाव, पणजीहून लोक बंद पडलेल्या बॉड्या कुरियरनं पाठवू लागले. सोबत चिठ्ठी, "पैसे नकोत, कुणाच्या तरी कामी येईल." एकाच्या बॉडीचा आरसा दुसरीला, तिसरीचं बॅटरीचं झाकण चौथीला. आमचं स्पेअर पार्टचं कपाट असंच भरलं. ज्याची बॉडी वापरली त्याला कळवायची पद्धत आम्ही तेव्हापासून ठेवली आहे.

कंपनीनंही काही गोष्टी मनापासून केल्या. २०१८ मध्ये के-१ मार्क टू काढताना जुन्या के-१ चा मेन बोर्ड बदलून तोच कॅमेरा नव्यासारखा करून द्यायची सोय दिली. बाकीचे मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, जात असताना २०२१ मध्ये के-३ मार्क थ्री आणला, तोही उत्तम आरशाचा व्ह्यूफाइंडर देऊन. आणि २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा चक्क नवा फिल्म कॅमेरा! हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन, त्यामुळे ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो, आणि रोल पुढे सरकवायला हातानं ओढायचा लिव्हर. तो लिव्हर नव्यानं बनवताना जुन्या इंजिनिअरांचं ज्ञान कामी आलं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

कारण आमच्याकडे आता कॉलेजची मुलं के-१००० घेऊन येतात, आणि ते काम करणारे हात कमी आहेत. वर्कशॉपमध्ये दोघं शिकत आहेत, त्यातली एक मुलगी पडद्याचं टेन्शन माझ्याइतकं चांगलं लावते. त्यांना सरावाला बॉड्या लागतात. घरात बंद पडलेली पेंटॅक्स असेल तर भंगारात घालू नका, आमच्याकडे पाठवा. सेल मात्र काढून पाठवा. गळलेल्या सेलमुळे आतले पत्रे खराब होतात आणि मग ती बॉडी कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.