शोकाला सवड न देणारा विनोद

‘थॉर: लव्ह अँड थंडर’ हा नॉर्स पुराणातल्या थॉर या देवाला सुपरहिरो करणारा मार्व्हलचा चित्रपट आज पुन्हा पाहिला. २०२२ साली तो प्रथम पाहताना मनात जी खंत राहिली होती, तिचे नेमके कारण आज सापडल्यासारखे वाटते, म्हणून ते विसरण्याआधी लिहून ठेवते आहे. चित्रपटात विनोद फार आहे अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली आणि ती खरीही आहे; परंतु मला खुपते ते विनोदाचे प्रमाण नव्हे, तर त्याची वेळ. ज्या क्षणी प्रेक्षकाने दुःखापाशी थांबायला हवे, नेमक्या त्या क्षणी हा चित्रपट त्याला हात धरून पुढे ओढतो.

याचे वाईट अधिक वाटते, कारण मूळ कल्पना फार चांगली आहे. खलनायक गॉर हा मुळात एक श्रद्धाळू पिता आहे. वाळवंटात त्याची मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत मरते, ज्या देवाची त्याने आयुष्यभर भक्ती केली तो देव त्याच्या दुःखाला हसतो, आणि मग देवांना मारू शकणारी तलवार त्याच्या हाती येते. ती तलवार धारण करणाऱ्यालाही हळूहळू संपवते. दुसरीकडे थॉरची पूर्वीची प्रेयसी जेन फॉस्टर आहे. तिचा कर्करोग चौथ्या टप्प्यात पोहोचला आहे, आणि जो हातोडा तिला थॉरचे सामर्थ्य देतो तोच तिच्या शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद शोषून घेतो. नायिका आणि खलनायक या दोघांच्याही हाती असे शस्त्र आहे की जे उचलावे तर मरण जवळ येते आणि खाली ठेवावे तर जगण्याला अर्थ उरत नाही. सुपरहिरोंच्या कथांत इतके नेटके प्रतिबिंब क्वचितच सापडते.

हे दोन्ही धागे कॉमिक्समधून आले आहेत. जेसन ॲरन यांनी २०१२ पासून लिहिलेल्या मालिकेत गॉर अवतरला आणि २०१४ पासूनच्या मालिकेत हातोडा जेनकडे गेला. तिथला नियम अधिक निष्ठुर होता: जेनने रूप पालटले की केमोथेरपीचे औषध विष समजून शरीराबाहेर टाकले जाई आणि कर्करोग मात्र जागच्या जागी राही. त्यामुळे तिने हातोडा उचलला की प्रत्येक वेळी वाचकाच्या पोटात गोळा येत असे. चित्रपटात हा भार जाणवत नाही. रुग्णालयातील प्रसंग आटोपशीर होतात, आणि थोड्याच वेळात जेन युद्धात म्हणण्याजोगे एखादे झोकदार वाक्य शोधण्यात गुंतते, तर थॉरची कुऱ्हाड त्याच्या जुन्या हातोड्याचा मत्सर करू लागते. यातील एकेक गंमत सुटी पाहिली तर हसू येते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या सगळ्या मिळून त्या बाईच्या मरणाभोवती गोंगाट करतात.

आपल्या साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण यांना परस्परविरोधी रस मानले आहे. याचा अर्थ ते एका कलाकृतीत नांदू शकत नाहीत असा मी घेत नाही. एकाने दुसऱ्याला जागा करून द्यावी लागते, एवढाच घेते. शिवाय संस्कृत नाटकात विदूषक राजाच्या शेजारी असतो आणि राजाला विरहात मनसोक्त दुःखी होता येते. या चित्रपटात राजालाच विदूषक केले आहे, मग शोक करायचा कोणी?

हेच पात्र आणि हाच नट हे काम किती उत्तम करू शकतो, याचा पुरावा २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये आहे. रॉकेट नावाच्या साथीदाराशी बोलताना थॉर आपल्या गेलेल्या माणसांची नावे एकामागून एक घेतो: भाऊ, बहीण, वडील, आई, मित्र. बोलण्याचा सूर हलका आहे, चेहऱ्यावर हसूही आहे, आणि डोळे मात्र भरून आले आहेत. तिथे विनोद दुःखाला झाकत नाही. माणूस कोसळू नये म्हणून तो कसा हसत राहतो, हे दाखवतो. थॉर साकारणाऱ्या ख्रिस हेम्सवर्थने तो प्रसंग ज्या संयमाने केला आहे, तो आठवला की या उत्तरभागातला त्याचा अखंड खुळेपणा सहन होत नाही.

याच चित्रपटाचे दिग्दर्शक टायका वायटिटी यांच्या २०१७ च्या ‘थॉर: रॅग्नारॉक’चे यश या वळणाला कारणीभूत आहे, हे उघड आहे. तो चित्रपट मला मनापासून आवडतो. त्यात थॉर वडील, हातोडा, एक डोळा आणि अखेरीस मायभूमी असे सर्व काही गमावतो, म्हणून त्याच्या थट्टेला वजन येते. नॉर्वेतल्या कड्यावर थॉरचे वडील ओडिन निरोप घेतात तेव्हा चित्रपट शांतपणे थांबतो. मात्र पुढच्या दोषाचे बीजही तिथेच होते. थॉरची मायभूमी अ‍ॅसगार्ड डोळ्यांसमोर नष्ट होत असताना त्याचा साथीदार कॉर्ग मध्येच नगरीचा पाया अजून भक्कम असल्याबद्दल विनोद करतो आणि एका संपूर्ण जमातीच्या विस्थापनाचा क्षण हशात विरून जातो. तेव्हा ते एकदाच घडले, म्हणून चालून गेले. पुढच्या भागात ती एक चूक हीच शैली झाली.

सर्वांत मोठी संधी वाया गेली ती देवांच्या नगरीत. गॉरचा आरोप साधा आहे: देव स्वार्थी आहेत आणि भक्तांच्या मरणाचे त्यांना काहीही नाही. थॉर मदत मागायला ग्रीक देवांचा राजा झ्यूस याच्याकडे जातो आणि झ्यूस ती नाकारतो, कारण त्याला आपल्या मेजवान्यांची व सुरक्षिततेची अधिक काळजी आहे. म्हणजे खलनायकाचे म्हणणे खरे ठरले! स्वतः देव असलेल्या नायकासाठी याहून हादरवणारे काय असू शकते? इथे थॉरने क्षणभर जरी स्वतःकडे पाहिले असते, आपण कोणाच्या प्रार्थनेला कधी धावलो आणि कधी नाही असे विचारले असते, तर पुढच्या लढाईला नैतिक वजन आले असते. चित्रपट मात्र त्याला विवस्त्र करून हशा मिळवण्यात रमतो, आणि गॉरच्या आरोपाला शेवटपर्यंत कोणीही उत्तर देत नाही.

चित्रपटात थॉरसोबत असणाऱ्या किंचाळणाऱ्या बोकडांबद्दलही हेच म्हणता येईल. नॉर्स पुराणकथांत थॉरचा रथ दोन बोकड ओढतात. थॉर त्यांना मारून खाऊ शकतो आणि कातड्यावर हाडे जपून ठेवली, तर हातोड्याच्या सामर्थ्याने त्यांना पुन्हा जिवंत करू शकतो. मरण आणि पुनरागमन हाच ज्या कथेचा गाभा आहे, तिच्या हाताशी मूळ पुराणातूनच असे प्रतीक आयते आले होते. चित्रपटाने त्यातून घेतली ती फक्त किंकाळी, आणि तीही पुन्हा पुन्हा.

गॉर साकारणाऱ्या ख्रिश्चन बेलच्या वाट्याला जे आले त्याचे त्याने सोने केले आहे. सावल्यांच्या जगात पडद्यावरचे रंग नाहीसे होतात, फक्त शस्त्रांचा उजेड तेवढा रंग परत आणतो, आणि गॉर जेनच्या मरणाबद्दल तिच्याशी समदुःखी माणसासारखा बोलतो. त्या भागात मला अपेक्षित असलेला चित्रपट दिसतो. शेवटीही, गॉर मागितलेली इच्छा पुरवणाऱ्या इटर्निटी या शक्तीपाशी पोहोचला असताना थॉर लढणे सोडून मरणाऱ्या जेनजवळ बसतो, हा निर्णय धाडसी आहे आणि मला तो मनापासून पटतो. परंतु ११९ मिनिटांच्या या चित्रपटाने त्या निर्णयापर्यंतची वाट नीट बांधलेली नाही, त्यामुळे डोळे भरून येण्याऐवजी मनात हळहळच अधिक उरते. अतिरेकी विनोदात आपण स्वतःचेच विडंबन झालो, अशा अर्थाची कबुली हेम्सवर्थने २०२४ मधील एका मुलाखतीत दिली; ती वाचून त्याच्याविषयीचा आदर वाढला.

गॉरची मुलगी परत येते आणि थॉर तिला वाढवू लागतो, तिथे कथा थांबते. ज्याने देवांची हत्या केली त्याची मुलगी एका देवाच्या घरी लहानाची मोठी होणार आहे. आपल्या वडिलांनी काय केले आणि का केले, असे ती कधी तरी विचारील. पुढचा चित्रपट निघाला, तर तो याच प्रश्नापासून सुरू व्हावा आणि ती विचारीत असताना शेजारी कोणीही विनोद करू नये, एवढीच माझी इच्छा आहे.