जिप्सीत एस्टीमचं जी१३बीबी : सीओ २.४ वरून ०.१४ वर

मारुती जिप्सीचं जुनं जी१३बीए इंजिन काढून तिथे एस्टीमचं जी१३बीबी बसवतोय. मागच्या नोंदीत इंजिन फाउंडेशनवर बसलं होतं, चेंबर (तळाची ऑइलची टाकी) आणि स्ट्रेनर (ऑइल ओढणारी जाळी) जुन्या जी१३बीएचे लागले होते, कारण एस्टीमचा चेंबर आडव्या इंजिनासाठी आहे आणि जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर तो चालत नाही. पेट्रोल लाइन झाली होती, इंजिन सुरू होऊन स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, उभं राहत होतं. त्यानंतरचे सात आठवडे एकाच गोष्टीत गेले: धूर. आता ती सुटली आहे, म्हणून ही नोंद.

पहिल्या तपासणीचे आकडे: स्लोवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.४ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) ६२० पीपीएम. गाडी १९९८ ची, म्हणजे भारत स्टेज २ च्या आधीची. तिला पीयूसीची मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम, त्यामुळे गाडी पास. पण कार्ब्युरेटर असलेल्या गाडीसाठी ठरवलेल्या मर्यादेत एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसलं, यात समाधान कसलं? भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना सीओ ०.५ आणि एचसी ७५० लागतं, स्टेज ४ ला ०.३ आणि २००. सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागेवर असलेल्या इंजिनाने २.४ दाखवलं तर काहीतरी ठार बिघडलेलं आहे, हे नक्की. पेट्रोलचा वास आणि काळे प्लगही तेच सांगत होते.

सगळ्यात मोठा धागा पहिल्याच दिवशी पडद्यावर होता आणि नजरेतून निसटला. पावतीवरच्या सीओ-एचसीकडेच सगळ्यांचं लक्ष जातं, पण चार गॅसचं मशीन सीओटू आणि ऑक्सिजनही दाखवतं. सीओटू ११.६ आणि ऑक्सिजन २.५ होता. श्रीमंत मिश्रण (पेट्रोल जास्त, हवा कमी) असताना धुराच्या नळीत एवढा ऑक्सिजन उरत नाही. तो बाहेरून आत येतोय, म्हणजे धुराची लाइन कुठेतरी फुटलेली आहे. तुमच्या गाडीची तपासणी होईल तेव्हा हे दोन आकडे मागून लिहून घ्या. धड लाइन आणि बरोबर मिश्रण असेल तर सीओटू १४-१५ च्या आसपास येतो.

पण तपासाची सुरुवात झाली ऑक्सिजन सेन्सरपासून. गरम इंजिनावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत खालीवर व्हायला हवा. इथे तो ०.८ वर चिकटलेला. सेन्सर नवीन, हीटरला १२ व्होल्ट येत होते. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय आणि ईसीयू ऐकत नाहीये. का ऐकत नाही, याचं उत्तर पाण्याच्या तापमानात निघालं. ईसीयूच्या तापमान सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओम, ६० ला ०.५८ आणि ८० ला ०.३२ च्या जवळ असतो. अर्धा तास चालवूनही मीटर ०.६ च्या खाली उतरेना. इंजिन ५८-६० अंशांवरच फिरत होतं, ईसीयू त्याला थंड समजून जादा पेट्रोल देत होता.

पाण्याच्या नळीचा एल्बो उघडला तर आत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) नव्हताच. डोनर गाडीच्या, म्हणजे जिचं इंजिन घेतलं त्या एस्टीमच्या, आधीच्या कुठल्यातरी गॅरेजने तो काढून फेकलेला. ‘गाडी गरम होत नाही’ म्हणून आपल्याकडे सर्रास हे करतात. कार्ब्युरेटरवर त्याने मायलेज गेलं तरी कुणाला कळत नाही, एमपीएफआयवर मात्र सगळं गणित कोसळतं. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून उकळून पाहिला: ८२ ला हलायला लागला, ९५ ला पूर्ण उघडला. तळाला टेकू देऊ नका, पातेल्याचा बूड पाण्यापेक्षा गरम असतो. बसवताना हवा सुटायची छोटी पिन वरच्या बाजूला. सीओ १.३ वर आला, सेन्सर नाचायला लागला.

पुढची पायरी गळती. सेन्सरच्या आधी लाइन फुटली असेल तर धूर बाहेर जातो एवढंच होत नाही. धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये नळीत क्षणभर निर्वात होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, स्लोवर सगळ्यात जास्त. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे आणि तो पेट्रोल वाढवतो. शोधायची पद्धत: इंजिन गार, सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअर, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपच्या जोडावर भराभर बुडबुडे. फ्लँजवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज घातला तर ०.४ मिलिमीटरचा बाक. पाइप वेल्ड करताना फ्लँज मोकळा ठेवला होता, तो उष्णतेने वाकला. आता फ्लँज १२ मिलिमीटरच्या पाट्याला बोल्टने कसून, चार टाके समोरासमोर मारून, गार होऊ देत वेल्ड केला. टर्नरकडून फेस करून बाक ०.०५ वर आणला, नवं पॅकिंग टाकलं. सेन्सरचा एम१८×१.५ चा बुश नव्याने, आडव्या रेषेच्या १५ अंश वर तोंड करून, म्हणजे पाणी सेन्सरमध्ये साचत नाही.

सीओ ०.८, सीओटू १४.३, ऑक्सिजन ०.७. इथे बरेच जण थांबतात. पण ०.८ हा जवळजवळ कॅटच्या आधीचा आकडा आहे, मिश्रण बरोबर असलेलं इंजिन तेवढा सीओ देतंच. मग कॅट काय करतोय? काहीच नाही. इन्फ्रारेड गनने आधीच्या टोकाला १९० अंश, नंतरच्या टोकाला १७० दिसलं. काम करणारा कॅट मागच्या टोकाला जास्त गरम असतो, कारण जळण आत होतं, आणि पेटायला त्याला २५०-३०० अंश लागतात. चकचकीत स्टीलवर गन खोटं, कमी तापमान दाखवते. दोन्ही टोकांना काळ्या उष्णतारोधक रंगाचा पट्टा मारून मगच मोजा.

चूक आखणीची होती. कॅट ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मॅनिफोल्डपासून १४०० मिलिमीटरवर लावला होता, कारण तिथे जागा भरपूर. डोनरमध्ये तो किती जवळ होता हे सुटं करण्याआधीच मोजून ठेवायला हवं. इंजिन एकटं येत नाही, त्याचं अख्खं बिऱ्हाड आणावं लागतं आणि प्रत्येकाला त्याच्या जागी बसवावं लागतं. आधी विचार होता की पाइपला पट्टी गुंडाळून उष्णता टिकवू. तो रद्द केला: कोकणच्या पावसात पट्टी पाणी धरते आणि पाइप सडतो. कॅटच पुढे घेतला, ४५० मिलिमीटरवर, गिअरबॉक्सच्या बाजूला. वर दुहेरी पत्र्याची ढाल, मध्ये १० मिलिमीटर हवा, फ्लोअरपासून ४० मिलिमीटर मोकळं.

आताचे आकडे, पाच मिनिटं २५०० वर रेस देऊन: कॅटच्या आधी ३१०, नंतर ३६० अंश. स्लोवर सीओ ०.१४, एचसी ९०. २५०० आरपीएमला सीओ ०.०५, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, नेमकं असेल तर १) १.०१. स्टेज ४ च्या गाडीला तिथे ०.२ आणि १ ± ०.०३ लागतं, म्हणजे १९९८ ची जिप्सी तिथेही बसते. मीटरवर ०.१४ स्थिर झालेलं पाहण्यासारखं सुख नाही.

कॅट भंगारातून घेणार असाल तर टॉर्च मारून आरपार जाळी बघा आणि हातात तोलून बघा. आतला मौल्यवान धातू काढून रिकामा डबा परत वेल्ड केलेले खूप फिरतात. पुण्यात असाल तर इंधनाच्या नळ्यांसाठी नाना पेठेत एक चक्कर मारा, पण इंजेक्शनचीच नळी मागा. कार्ब्युरेटरची नळी अडीच-तीन बारला टिकत नाही आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं. क्लॅम्पही गोल पट्टीचे घ्या, दातेरी क्लॅम्प नळी कापतात. ईसीयू इमोबिलायझर नसलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर चावीसकटच उचला.

कागद: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, ती काम सुरू व्हायच्या आधी घ्यावी. आरसीवर नवा इंजिन नंबर चढेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. कंपनी तीच, इंधन तेच, डोनरचं बिल आणि त्याची आरसी रद्द झाल्याचा कागद हाताशी, एवढं असलं की बोलणं सोपं जातं.

पुढे स्पीड सेन्सरचं काम ठरलं होतं: स्पीडोमीटरच्या केबलमध्ये पल्स देणारा तुकडा घालायचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर स्लो लटपटणार नाही. ते मागे ढकललं. कॅट पुढे आल्यामुळे पेट्रोलची रिटर्न लाइन त्याच्यापासून फक्त ९० मिलिमीटरवर राहिली आहे, आणि ढालीच्या कडेला रेसवर १४० अंश दिसले. दोन्ही लाइन आता चॅसिसच्या दुसऱ्या बाजूने जातील, स्टीलच्या ८ मिलिमीटर पाइपने, दर ३०० मिलिमीटरला रबर लावलेली पकड. चारकोल कॅनिस्टरही (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणारा डबा) इंजिनच्या खोलीत ठेवायचा बेत होता, पण लाइन तिकडून जाणारच असेल तर तो टाकीजवळ चॅसिसवर बसवला की वाफेची नळी अर्धी होते. पर्जची, म्हणजे साठलेली वाफ इंजिनात नेणारी, एकच नळी पुढे आणायची. ब्रॅकेटसाठी ३ मिलिमीटर पत्रा कापून झाला आहे, भोकं कॅनिस्टर धरून मगच पाडायची.