नव्याने बांधलेलं आउटबोर्ड तीन तासांत बसलं: खालच्या सिलिंडरचा तपास

मागच्या नोंदीत होडीच्या मागे लावायचं हे आउटबोर्ड इंजिन बांधून झालं, इथवर आलो होतो. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, मूळ ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे जवळपास ७०४ सीसी. बोअरिंग करून ०.५ मिमी ओव्हरसाइझ पिस्टन घातले होते. पाण्यात उतरवल्यावर जेमतेम तीन तास चाललं आणि मग अर्ध्या थ्रॉटलवर एकाएकी जड झालं. मी थ्रॉटल सोडला तसं बंदच पडलं. दहा मिनिटांनी दोरी ओढली तर मोकळं फिरलं, चालूही झालं, पण लंगडत.

घरी आणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं. वरचा सिलिंडर ११८ पीएसआय, खालचा ८०. बांधलं त्या दिवशी दोन्ही ११५च्या पुढे होते. वरचा प्लग छान तपकिरी निघाला. खालचा पांढुरका, आणि भिंगातून पाहिलं तर चिनीमातीवर मोहरीहून बारीक, चकचकीत रुपेरी ठिपके. ते ॲल्युमिनियम होतं, म्हणजे पिस्टनचाच अंश. पोटात गोळा आला, खरं सांगतो. दोन महिन्यांच्या संध्याकाळी या इंजिनात गेल्या होत्या.

इथे हात शिवशिवतात. हेड काढावं, क्रँककेस (पिस्टनखालची क्रँकची बंद पेटी) उघडावी, पिस्टन बाहेर घ्यावा असं वाटतं. पण कुठून जास्तीची हवा शिरत असेल, तर क्रँककेस एकदा उघडली की त्याचा पुरावा गेला. म्हणून फक्त बाजूची झाकणं काढून पोर्टमधून टॉर्च मारला. खालच्या पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या घेरावर) एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर रुंद उभे ओरखडे, इनटेकची बाजू स्वच्छ. वरचा पिस्टन जवळजवळ नवा.

ओरखडे कुठे आहेत यावरून बरंच कळतं. चारही कोपऱ्यांवर असते तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी पडला किंवा थंड इंजिनावर एकदम जोर दिला, असं म्हणता आलं असतं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला आहेत, म्हणजे पिस्टन जास्त तापला. तोही एकच. पाणी कमी पडलं असतं तर वरच्यावरही खूण दिसली असती. तरी थर्मोस्टॅट गरम पाण्यात घालून पाहिला, उघडतो. इम्पेलरची (पाण्याच्या पंपातल्या चाकाची) पाती शाबूत आहेत.

तेलाबद्दल थोडं. रिंगा बसेपर्यंत मी पेट्रोल-तेलाचं ५०:१ ऐवजी २५:१ मिश्रण घातलं होतं. तेल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल थोडं कमी जातं आणि मिश्रण किंचित पातळ होतं, हे खरं आहे. पण तेही दोन्ही सिलिंडरांना सारखंच लागू. टायमिंग दोन्हीकडे बरोबर. दोन्ही कार्बोरेटरचे जेट आणि फ्लोटची उंची शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली, फरक नाही. पंप दोघांना एकच.

मग पहिल्या दिवशीची एक गोष्ट आठवली. थ्रॉटल मिटला तरी फेरे लगेच उतरत नव्हते, रेंगाळत होते. चोक अर्धा ओढला की इंजिन सुधारायचं. मी ते कार्बोरेटरवर ढकललं आणि दोनदा तो धुतला. चोकने सुधारतंय म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं.

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरची क्रँककेस वेगळी बंदिस्त असते. त्यामुळे गळती एकीकडे असली तर शेजारच्याला पत्ता लागत नाही. शिवाय जास्तीच्या हवेने मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते आणि त्याच वेळी पेट्रोलमधून येणारं तेलही घटतं. आउटबोर्डचा क्रँक उभा असतो आणि खालचं सील (शाफ्टभोवतीची हवा अडवणारी रबरी कडी) पॉवरहेडच्या, म्हणजे मुख्य इंजिनाच्या, पोटाशी दडलेलं, त्यामुळे बाहेरून फवारा मारून ते तपासता येत नाही.

म्हणून पॉवरहेड उतरवून प्रेशर टेस्ट. एक्झॉस्टच्या तोंडावर आणि इनटेकच्या जागी रबर शीट ठेवून पट्ट्या आवळल्या. खालचा पिस्टन तळाला आणला, म्हणजे वरचा आपोआप माथ्यावर जातो, आणि खालच्या प्लगच्या भोकातून हातपंपाने ७ पीएसआय हवा भरली. अर्ध्या मिनिटात काटा २ वर. वरच्या बाजूला तोच प्रयोग केला, तर पाच मिनिटांत जेमतेम अर्धा पीएसआय उतरला.

साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. क्रँककेसचा सांधा कोरडा, इनटेक गॅस्केट ठीक. खालच्या सील हाउसिंगपाशी आलो आणि एका जागी फेस फुगायला लागला. शाफ्टभोवती नाही, हाउसिंगच्या बाहेरच्या कडेला. म्हणजे सीलचा ओठ चांगला होता, हाउसिंगभोवतीची ओ-रिंग (रबरी वळं) गळत होती. हाउसिंग काढल्यावर ओ-रिंगचा तांदळाच्या दाण्याएवढा काप उडालेला दिसला. ब्लॉकच्या भोकाच्या कडेवर नखाला लागेल असा एक उंचवटा होता, बरोबर त्याच जागी. जुनं हाउसिंग काढताना मी तिथेच स्क्रूड्रायव्हर अडकवून उचकटलं होतं. नवी ओ-रिंग आत दाबताना त्या धारेने सोलली.

आता क्रँककेस उघडायला हरकत नव्हती. खालच्या मुख्य बेअरिंगवर गंजाचे बारीक डाग निघाले. या जागेवरून नुसती हवा येत नाही, खालच्या हाउसिंगमधला धूर आणि दमटपणाही ओढला जातो. बेअरिंग बदलणार. लायनरवर चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने काढलं. लायनरचं बीड (ओतीव लोखंड) शाबूत राहतं, पण ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने कापसाच्या काडीने फक्त डागापुरतंच लावायचं, हातमोजे-चष्मा घालून, उघड्या हवेत. खाली ओरखडे खोल नव्हते. बोअर गेज आडवं-उभं फिरवून पाहिलं, फरक ०.०१ मिमीच्या आत. नुसत्या होनिंगवर (दगडाने हलकं घासण्यावर) भागेल, पिस्टन आणि रिंगा मात्र नव्या.

भोकाची कड बारीक एमरीने मोडली, नवी ओ-रिंग ग्रीस लावून हाताने सरळ दाबली आणि नवा पिस्टन यायच्या आत जुन्यावरच क्रँककेस जोडून पुन्हा हवा भरली. दहा मिनिटं काटा ७ वर हलला नाही. मग उलट बाजूने, म्हणजे हवा ओढून पाहिलं. खालचा सिलिंडर धरून राहिला. वरचा, जो दाबाखाली जवळजवळ पास झाला होता, तो ओढल्यावर हळूहळू सुटतोय. दाबाने सीलचा ओठ शाफ्टला चिकटतो आणि ओढताना उचलला जातो, तसं दिसतंय. वरचं सील फ्लायव्हीलखाली आहे. उद्या फ्लायव्हील काढतो.