आमची वाटचाल: फोटोफ्रेमच्या दुकानापासून व्हिप स्पायडरच्या टाकीपर्यंत

बडोद्यात काचेच्या टाक्या करणारे पुष्कळ आहेत. पण व्हिप स्पायडरसाठी, म्हणजे कोळ्याच्या नात्यातल्या एका प्राण्यासाठी, पुढून उघडणारी, आत पुढे झुकलेली भिंत असलेली जी टाकी आज बाजारात दिसते, ती आमच्या वर्कशॉपमध्ये तयार झाली. मी आणि आमच्या मिस्त्रींनी ती केली. गेली दोन वर्षं ही टाकी कुणाची आणि तिच्यात प्राणी का मेले याबद्दल बरंच उलटसुलट बोललं गेलं, म्हणून हे एकदा लिहून ठेवतो.

वडिलांचं दांडिया बाजारात फोटोफ्रेम आणि खिडक्यांच्या काचांचं दुकान होतं. मिस्त्री तेव्हापासूनचे. पुढे फिश टँक सुरू केले तेव्हा मी त्यांना पगारावर न ठेवता भागीदार करून घेतलं, कारण त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. कटरचं चाक रॉकेलात बुडवून तो काचेवरून एकदाच फिरवायचा, आवाज सलग आला पाहिजे. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवला की चाकही जातं आणि काचही. काटकोन तपासायचा गुण्या लावल्याशिवाय ते पट्टीला हात लावत नाहीत. सिलिकॉन भरताना दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, आणि कड ओली असतानाच टेप काढायची. फिश टँकची वर्षं बरी गेली. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही.

मग बाई आल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, हातात वहीच्या पानावर काढलेली आकृती. म्हणाल्या, "तुम्ही टाक्या करता ना? मला पाण्याशिवायची करून द्या. उंच हवी." त्यांच्याकडे डेमन डायाडेमा या व्हिप स्पायडरची पिल्लं होती. जात पूर्व आफ्रिकेतली, पण ही पिल्लं पाळलेल्या जोडीचीच. मिस्त्रींनी डब्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. चपटं अंग, खेकड्यासारखी तिरकी चाल, आणि पुढचे दोन पाय इतके लांब नि बारीक की चालायला न वापरता त्यांनी सगळीकडे चाचपत राहायचं. बाईंनी शांतपणे सांगितलं: याला विष नाही, डंख नाही, हा जाळंही विणत नाही. पुढच्या काटेरी हातांनी झुरळ धरतो आणि खातो, एवढंच.

खरी गोष्ट त्यांनी नंतर सांगितली, आणि आमची सगळी रचना तिच्यावर उभी आहे. हा प्राणी कात टाकताना उलटा लटकतो. जुनी कात वर पकडून राहते आणि तो स्वतः तिच्यातून खाली सरकत बाहेर येतो. खाली मोकळी जागा नसेल तर मऊ पाय जमिनीला टेकतात, वाकडे होतात आणि तसेच कडक होतात. पकड सुटून पडला तर बहुधा मरतोच. शिवाय मोठा झाल्यावरही हा कात टाकत राहतो, म्हणजे ही काळजी जन्मभराची.

म्हणून आमच्या टाकीत मागची भिंत सरळ नसते. थर्माकोलचा जाड तुकडा तापलेल्या पात्याने कोरून वरचा भाग पुढे झुकवतो. त्यावर टाइल्सच्या फटींत भरतात त्या ग्राउटचे थर. थर्माकोल कुठेही उघडा राहता कामा नये, खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे तो कुरतडतात. झुकावाखाली जागा किती? पाय पसरलेल्या प्राण्याच्या लांबीच्या निदान दुप्पट. पूर्ण वाढलेल्या डेमनसाठी आम्ही १२ बाय १२ इंच तळ आणि १८ इंच उंची ठेवतो. हवेसाठी पुढे खाली एक जाळी आणि मागे वर दुसरी, दोन्ही स्टेनलेस स्टीलच्या, म्हणजे हवा आरपार फिरते, ओल टिकते पण बुरशी धरत नाही. दरवाजा एकाच काचेचा, बिजागरीवर. सरकत्या दोन काचा दिसायला छान, पण एकीवर एक सरकते तिथे फट राहते आणि चपटं पिल्लू तिच्यातून रात्रीत निघून जातं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली. २५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. अकोट्याच्या बाजूचं आमचं वर्कशॉप बुडालं. काचेला पाण्याने काही होत नाही असं लोक म्हणतात. काचेला नाही होत, पण घासायच्या मशीनची मोटर, सिलिकॉनची खोकी, प्लायवूड, कोरून ठेवलेल्या भिंती, वाळवून ठेवलेल्या झाडांच्या साली, सगळं गेलं. उभ्या ठेवलेल्या काचांमध्ये गाळ शिरला आणि त्या एकमेकींना चिकटल्या. त्या सोडवताना मिस्त्रींचा तळवा कापला गेला. बँकेचा हप्ता मात्र चालूच होता.

आम्ही गाळ उपसत होतो तेव्हा शहरातल्याच एका व्यापाऱ्याने आमची टाकी बाजारात आणली. आमच्या एका गिऱ्हाइकाकडून त्याने ती मापायला नेली होती, हे मला मागाहून कळलं. अर्ध्या भावात, ३ एमएम ॲक्रिलिकमध्ये. पातळ ॲक्रिलिक ओलीत वाकतं, दरवाजा बसत नाही. पण ते सोडा. त्याने बाहेरचं माप उचललं आणि आतली भिंत सरळ उभी केली, कारण झुकाव कोरायला वेळ लागतो. सगळी हवा झाकणातून, म्हणजे मे महिन्यात आतली ओल दुपारपर्यंत उडालेली. प्राणी कात टाकताना पडले. आणि लोकांनी फोन कुणाला केले? आम्हाला. "तुमची बडोद्याची टाकी घेतली आणि माझा मेला." आम्ही न विकलेल्या टाकीचे पैसे आमच्याकडे मागितले. एका मोठ्या दुकानाने चौकशी न करता आमची ऑर्डर रद्द केली. ते आजही मला लागतं. नक्कल करणाऱ्याला मी बाजारात समोरासमोर विचारलं, तो म्हणाला, "काचनो डब्बो छे, एमां शुं?" काचेचा डबा तर आहे, त्यात काय!

पुराच्या त्या दिवसांतच बाई वर्कशॉपवर आल्या होत्या. चिखल अजून निघाला नव्हता. त्यांनी चार टाक्यांचे पूर्ण पैसे आगाऊ दिले, घाई नाही म्हणाल्या. आणि तक्रारी सुरू झाल्यावर आमच्या टाकीत कात टाकताना काढलेले फोटो ओळखीच्या प्रत्येक पाळणाऱ्याला पाठवले: झुकलेल्या भिंतीवरून लटकलेला फिकट, पांढुरका प्राणी आणि त्याच्या वर रिकामी कात, एकेका पायासकट. ते फोटो पाहून गिऱ्हाइकं परत आली. त्या चार टाक्या मिस्त्रींनी पट्टी बांधलेल्या हातानेच पूर्ण केल्या.

घरी करणाऱ्यांनाही सांगतो, आमच्याकडून घ्या अगर घेऊ नका. सिलिकॉन बुरशीनाशक घातलेलं नको, साधं घ्या, आणि शिरक्यासारखा वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत सोडू नका. कडुनिंबाची किंवा निलगिरीची साल वापरू नका. तळाला नारळाचा भुसा, एक बाजू ओली, एक कोरडी. घरात पेस्ट कंट्रोल झालं असेल तर टाकी त्या खोलीत नको. कात टाकायच्या आधी प्राणी खाणं सोडतो, तेव्हा राहिलेले रातकिडे लगेच काढा, मऊ अंगाला ते चावतात. आपल्या उन्हाळ्यात टाकी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीजवळ ठेवा. आणि गुहेतून, जंगलातून प्राणी उचलून आणू नका. आम्ही प्राणी विकत नाही, कुठून मिळेल हेही विचारू नका.

आता प्रत्येक टाकीच्या तळाला मिस्त्री हिऱ्याने आमची खूण आणि महिना कोरतात. खूण नसेल तर ती टाकी आमची नाही. मागणी असेल तर प्राण्याची जात आणि पाय पसरून होणारी लांबी आधी कळवा, झुकाव त्या मापाने कोरतो. पावसाळ्यात ग्राउट वाळायला वेळ लागतो, तेव्हा टाकी तीन आठवड्यांच्या आत मागू नये.