तंबूतली बंदूक आणि आजोबांची बंदूक

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे आणि त्यातली बंदूक सहसा रिकामी होत नसे. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर पुन्हा भरताना नायक क्वचितच दिसे. १९७५ च्या ‘शोले’ने मात्र गोळ्यांच्या हिशेबातूनच भीती निर्माण केली. गब्बर तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो आणि उरलेल्या तीन गोळ्यांसमोर तीन माणसे उभी असतात. त्या वेळी तंबूत शेंगा फोडण्याचा आवाजही थांबे.

रानडुकरांसाठी आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, चिंधी गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी दारू पेटवणारी छोटी टोपी बसवायची. एवढा खटाटोप करून बार एकच, आणि धूर असा की डुक्कर तुरीत कुठे शिरले ते कळू नये. पडद्यावर असा धूर नसे, खांद्याला बसणारा धक्काही नसे. (आम्हां पोरांना अर्थात पडद्यावरचीच खरी वाटे.) १९५७ च्या ‘मदर इंडिया’त राधा स्वतःच्या मुलावर, बिरजूवर, गोळी झाडते आणि मग त्यालाच कवटाळते, आजोबांना सिनेमातला तेवढा एकच बार पटला होता.