आयपीए (इंटरनॅशनल पोलीस असोसिएशन) म्हणजे इंटरपोल नव्हे!

आज निपाणीत चहाच्या टपरीवर परत तोच घोळ. "पोलीस असोसिएशन म्हणजे इंटरपोलच की!" नव्हे हो. इंटरपोल सरकारांचं, गुन्हेगार शोधायला; आयपीए पोलिसांच्या निव्वळ दोस्तीसाठी. इंग्लंडातल्या लिंकनशायरचे पोलीस सार्जंट आर्थर ट्रूप यांनी १ जानेवारी १९५० ला ते उभं केलं. ब्रीद एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत: 'सेर्वो पेर अमिकेत्सो', मैत्रीतून सेवा. हुद्दा विचारत नाहीत, शिपाई नि साहेब एकाच पंगतीत. निवृत्तांनाही जागा आहे.

परदेशी निघालात तर आपल्या सेक्शनमार्फत (आयपीएची आपल्या देशातली शाखा) तिकडच्या सभासदांना दोन-तीन महिने आधी लिहा: तारखा, माणसं किती, भाषा कुठली. थेट दारात उभं राहिलं की बिनसतं. सभासदाचं कार्ड ही ओळख, अधिकार नव्हे. त्यावर कोगनोळीचा टोलसुद्धा सुटत नाही! आयपीएच्या घरांत उतरलात तर भाडं द्यायचं, फुकट समजू नका.

तिकडच्या पोलिसांशी आठवण म्हणून अदलाबदलीला खांद्यावरचे कापडी बिल्ले न्या. सरकारी ओळखपत्र, नंबरपट्टी कुणालाही द्यायची नाही.

आणि भेट न्यायची तर बेळगावचा कुंदा नको, तो घरीच खा. खव्याचा तो, वाटेत आंबतो, शिवाय युरोपात दुधाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात. गोकाकचा करदंट न्या, मस्त टिकतो.